गिरणीच्या फळ्याची खालची बाजू

वाचून गप्प बसणाऱ्या माणसाचा मला मनस्वी राग येतो. आजही येतो. हल्ली कुणी फोनवर चार ओळी लिहितं आणि खाली हात जोडतं, ‘आपली प्रतिक्रिया जरूर कळवा.’ लोक वाचतात, अंगठा दाखवतात आणि पुढं सरकतात. मला हसू येतं. नुसते हात जोडून कुणी बोलत नाही, हे मी नव्वदच्या दशकातच शिकलेय. तेही कडेगावच्या बाजूच्या एका खेड्यात, पिठाच्या गिरणीवर, हातात खडू घेऊन.

माझं माहेर सातारा शहरातलं. डी.एड. झालेलं, नोकरीचा पत्ता नाही, तोवर लग्न झालं. नवरा शिरवळला कारखान्यात, सुट्टी मिळेल तसा घरी यायचा. घरात मी आणि सासरे. त्यांना मी मामा म्हणायची. पलटणीतून निवृत्त होऊन आले आणि हातात आलेल्या पैशातून त्यांनी गिरणी टाकली. बौद्ध वस्तीच्या टोकाला आमचं घर आणि घराला लागून रस्त्यावर गिरणी. गावात दुसरी गिरणी नव्हती, त्यामुळं वरच्या आळीतल्या बायकाही दळण घेऊन आमच्याकडंच यायच्या. त्यातल्या काही जणी दळलेला डबा उचलायच्या आधी त्यावर पाण्याचे चार थेंब शिंपडायच्या. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा माझं डोकंच फिरलं. मामा गिरणीच्या पट्ट्याकडं बघत म्हणाले, “जाने दो सूनबाई. पिठात पाणी घालायचंच असतं. त्या जरा आधी घालत्यात.”

मामा असे. मी तशी नाही. माझ्या आईचं म्हणणं होतं की ही पोरगी जिभेवर मिरची ठेवूनच जन्माला आली.

गिरणीच्या दाराशेजारी पत्र्याला काळा रंग देऊन केलेला एक फळा टांगलेला होता. त्यावर मामा दोनच गोष्टी लिहायचे, ‘गिरणी चालू’ किंवा ‘लाईट नाही’. लाईट बऱ्याचदा नसायचीच. बायका डबे रांगेला लावून तासन् तास बसायच्या आणि एवढा मोठा फळा त्यांच्यासमोर मोकळा. माझ्यातली बिननोकरीची मास्तरीण किती दिवस गप्प बसणार? मी लिहायला लागले. रेडिओवरची एखादी बातमी. पोरांना डोस पाजायला नर्स कधी येणार. विट्याच्या बाजारात शेंगांचा भाव काय निघाला. शिराळ्याच्या नागपंचमीला गावातून कुणाची जीप जाणार. आणि सगळ्यात खाली फळ्याचा अर्धा भाग मोकळा सोडून त्याच्यावर सुबक अक्षरात एक ओळ, ‘आपलं मत खाली लिहावं. नाव लिहिण्याची गरज नाही.’ शेजारी सुतळीला बांधलेला खडू.

कुणी लिहिलं असेल? कुण्णी नाही.

वाचायच्या मात्र सगळ्या. जिला अक्षर येत होतं ती मोठ्यानं वाचून दाखवायची आणि मग जी चर्चा सुरू व्हायची ती लाईट आली तरी थांबायची नाही. शेंगांच्या भावावरून भांडणं व्हायची, नर्सच्या पातळापर्यंत विषय जायचा. मी म्हणायची, “अहो, हेच लिहा की खाली.” की सगळ्या आळीमिळी गुपचिळी. एकदा कुणीतरी म्हैस काढून ठेवली होती, आणि तीही बरी आली नव्हती. मी चिडून त्या म्हशीखाली लिहिलं, ‘निदान हिनं तरी तोंड उघडलं.’ बायका पोट धरून हसल्या. दुसऱ्या दिवशी फळा पुन्हा कोरा.

नवरा सुट्टीवर आला की टिंगल करायचा. “काय मास्तरीणबाई, आज किती मतं पडली? डिपॉझिट वाचतंय का?” मी म्हणायची, “बोलणाऱ्याचे हुलगे खपतात, न बोलणाऱ्याचे गहू पडून राहतात. ह्या बायकांना हे कळत नाही.” तो म्हणायचा, “त्या बोलतात की. तू ऐकतीस कुठं?” तेव्हा मला ते लागलं, पण उमगलं नाही.

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण मग बाभळीचा विषय निघाला.

गावाच्या खालच्या अंगाला ओढ्याकाठी वेड्या बाभळीचं रान होतं. दाट, काटेरी, जनावरंसुद्धा आत शिरायची नाहीत. गावातल्या सगळ्या आळ्यांच्या बायका तिथं जायच्या. कशाला, ते सांगायला लागू नये, पण मी सांगते, कारण न सांगण्यानंच सगळा घोळ केला होता. परसाकडला. गावात संडास होते ते दोन-तीन बड्या घरांत. बाकी सगळ्यांना टमरेल घेऊन बाहेरच. पुरुषांना काय, सगळा मुलूख मोकळा. बायकांना तेवढाच आडोसा. साताऱ्यात घरात संडास वापरलेली मी, लग्न होऊन आले तेव्हा पहिले काही दिवस रडले होते. नंतर त्या बाभळीचे मी उपकार मानायला लागले.

ग्रामपंचायतीनं ठरवलं, बाभळी तोडायच्या, जागा सपाट करायची आणि तिथं दुकानांचे गाळे काढायचे. गावाचा विकास. आमच्या पंचायतीत बायका सदस्य होत्या, नाही असं नाही. पण मीटिंगला खुर्चीत त्यांचे नवरे बसायचे आणि सह्यांसाठी वही घरी पाठवली जायची. त्यामुळं बायकांनी कुठं जायचं, हा प्रश्न कुणी विचारलाच नाही. विचारणार तरी कोण? सासरा-दीर बसलेल्या सभेत उभं राहून कुठली सून म्हणणार होती की आमची परसाकडची जागा जाते?

मी म्हणणार होते. मला तेवढी लाज देवानं दिलेलीच नाही. मी फळा स्वच्छ पुसला आणि मोठ्या अक्षरात लिहिलं, ‘बाभळी तोडून गाळे काढणार आहेत. मग बायकांनी जायचं कुठं? खाली लिहा. नाव लिहिण्याची गरज नाही.’

मामांनी बाहेर येऊन वाचलं. मी जरा बाजूला सरले, कितीही झालं तरी सासरे. त्यांनी परत एकदा वाचलं, सुतळीचा खडू माझ्याच लिहिण्यानं संपत आला होता तो सोडला, आतून नवीन आणून बांधला आणि गिरणी चालू केली.

सकाळपासून बायका आल्या. वाचलं. एकीनं पदर तोंडाला लावला, दुसरी खाली मान घालून डब्यातले खडे निवडत बसली. एरवी नर्सच्या पातळावर तास घालवणाऱ्या सगळ्या मूग गिळून गप्प. दुसरा दिवस तसाच. तिसरा तसाच. मी अक्षरशः पेटले. ज्यांच्यासाठी लिहायचं त्यांनाच काही नाही! एका दुपारी लाईट गेली, गिरणी थांबली, आणि मी सगळ्यांसमोर तोंड सोडलं. “तुम्हाला काही वाटतं का? उद्या उघड्यावर बसायची पाळी येईल तेव्हा तरी बोलणार का? नाव लिहू नका म्हणतेय मी! कुणी लिहिलं ते कुणालाही कळणार नाही!”

तेव्हा ती म्हातारी बोलली. वरच्या आळीतली, सगळं गाव तिला काकी म्हणायचं. डब्यावर पाणी शिंपडणाऱ्यांत पहिला नंबर तिचाच, म्हणून माझं आणि तिचं कधी फारसं पटलं नव्हतं.

“म्हनून तर कोन लिवत न्हाई,” काकी म्हणाली.

“म्हणजे?”

“आगं, नाव नगं, नाव नगं काय लावलंयस? बिननावाचं काय लिवत्यात ठावं हाय का तुला? ह्या गावात ठरल्याली लग्नं मोडायला चिठ्ठ्या टाकत्यात, बिननावाच्या. माझ्या लेकीचं आसंच मोडलं. त्या रांडंच्यानं नाव घातलं न्हाई. आन तू आमाला तसलं लिवाय लावतीस? आमी काय चोरी केलीया व्हय?”

साताऱ्याच्या पोरीला वाटलं होतं, नाव झाकलं की बायका मोकळ्या होतील. आणि इथं नाव झाकणं म्हणजेच बट्टा. इतके दिवस मी ह्यांना बोला बोला म्हणत होते आणि त्याच ओळीत त्यांना हलकट कामाला बोलवत होते.

“मग नाव लिहा,” मी म्हटलं.

“लिवाय आलं आसतं तर तुझ्या तोंडाकडं बघत बसले आसते व्हय? तू लिव. मी सांगती. नाव माझं मी घालीन.”

गिरणीवर प्रत्येक डब्यावर खूण असायची. सगळे डबे तेलाचेच, पत्र्याचे, एकसारखे. अदलाबदल होऊ नये म्हणून प्रत्येक घरानं ऑइलपेंटनं आपली खूण काढलेली. कुणाची फुली, कुणाचा त्रिकोण, कुणाची वेलांटी. ज्या बाईला आयुष्यात सही करता आली नाही तिलाही अंधारात आपला डबा ओळखता यायचा, आणि इतरांनाही ती खूण दिसली की घर कळायचं. काकीची खूण तीन उभ्या रेघा आणि वर आडवी अर्धी कोर.

ती सांगत गेली, मी लिहीत गेले. ‘लगीन हून आल्यापास्नं मी त्या बाभळीत जाती. सरपंचाची आई माझ्यासंगंच यायची. तिला इचारलं आसतं तर तिनं बाभळ तोडू दिली नसती.’ मग काकीनं खडू माझ्या हातातून घेतला आणि खाली तीन उभ्या रेघा ओढल्या, वर कोर. रेघा सरळ आल्या.

मी माझी ती सुबक ओळ पुसली. लिहिलं, ‘खालची जागा तुमची. नाव घाला नाहीतर डब्याची खूण करा.’

मग काय विचारता! फळा पुरेना. एका फुलीनं लिहिलं, ‘बाळंतीण हाय, लांब चालवत न्हाई.’ त्रिकोणानं लिहायला लावलं, ‘गाळ्यात बाप्ये बसणार, आन आमी त्यांच्यासमोरनं टमरेल घिऊन जायाचं का?’ आमच्या वस्तीतल्या एका पोरीनं, ती नववीला होती, स्वतःच्या अक्षरात लिहिलं की आडोसा गेला तर ती शाळेच्या वेळेआधी कुठंच जाऊ शकणार नाही. मी रोज वरची बातमी लहान करत गेले आणि खालची जागा मोठी.

सगळ्याच जणी माझ्या बाजूनं नव्हत्या. शिवणकाम करणारी एक विधवा बाई होती, तिची खूण निळं कडं. तिनं आपल्या हातानं लिहिलं, ‘गाळे होऊ देत. मला एक पाहिजे. मशीन घरात मावत नाही.’ बाकीच्या खवळल्या. “पूस ते. बाईसारकी बाई आसून!” काकी तर खडूच फेकायला निघाली होती. मी फळ्यासमोर आडवी उभी राहिले. म्हटलं, “पुसायचं नाही. इथं फक्त आपल्या आवडीचंच राहणार असेल तर हा फळा आणि सरपंचाची मीटिंग, फरक काय?” रागावल्या, पण निळं कडं राहिलं.

गाव लहान. सरपंच आले. मोटारसायकल रस्त्यातच लावली, फळा वरपासून खालपर्यंत वाचला. आईचा उल्लेख वाचताना त्यांचे कान लाल झालेले मी डोळ्यांनी बघितले. माझ्याकडं न बघता ते मामांना म्हणाले, “आवं, हे काय चालवलंय? घरातल्या बायकांच्या असल्या गोष्टी चव्हाट्यावर? पुसा बघू ते.”

मामांनी हात झटकले, पिठाचा ढग उडाला. “देखो सरपंच, बोर्ड माझा. खडू सूनबाईचा. मत त्यांचं. दुसऱ्याची चीज मी कशी पुसणार?”

“गिरणीचा परवाना पंचायतीच्या हातात हाय, इसरू नका.”

“गिरणी बंद करा की. मग गावाला भाकरी तुमी घाला,” मामा म्हणाले, आणि पट्ट्याला तेल द्यायला वळले.

दोन दिवसांनी सकाळी दार उघडलं तर फळा काळाकुट्ट. डांबर. वरपासून खालपर्यंत जाड थर, अजून ओघळ गळत होते. काकीची कोर गेली, नववीच्या पोरीचं अक्षर गेलं, सगळं गेलं. कुणी फासलं, कोण सांगणार? त्यानं नाव घातलं नव्हतं. मी नखांनी डांबर खरवडायला लागले. नखं काळी झाली, खाली काही दिसेना. मला रडू आलं, आणि रडू आल्याचा आणखी संताप आला. ग्रामसभा त्याच दिवशी होती, त्यातच बाभळीचा ठराव येणार होता. आणि माझ्या हातात दाखवायला काही नव्हतं.

मामा म्हणाले, “तोंड धू. जायचंय आपल्याला.” त्यांनी गिरणीच्या दारावर खडूनं लिहिलं, ‘गिरणी बंद. ग्रामसभेला गेलोय.’ कडी लावली. तो दळणाचा ऐन दिवस, बाजाराच्या आदल्या दिवसाची सकाळ. त्यांनी मुद्दाम तसं केलं की नाही, हे त्यांनी मला शेवटपर्यंत सांगितलं नाही.

पंचायतीसमोर सतरंजी, तीवर सगळे पुरुष. बाई एकटी मीच. ठराव वाचला गेला. मी उभी राहिले. म्हटलं, “आधी बायकांची सोय करा, मग बाभळीला हात लावा. एवढंच म्हणणं आहे, आणि ते माझ्या एकटीचं नाही.”

सरपंच शांतपणे हसले. “साताऱ्याची शिकल्याली सून हाय, बोलणारच. पर एकटीचं न्हाई म्हनतीस तर बाकीच्या कुठं हायत? बोर्डावर कुनीतरी चार रेघोट्या मारायच्या आन म्हनायचं गाव बोलतंय. कुनी मारल्या रेघोट्या? हायत का त्यास्नी नावं?” सभा हसली.

आणि तेवढ्यात रस्त्यावरून त्या आल्या. गिरणी बंद बघून आल्या होत्या, डोक्यावर दळणाचे डबे तसेच. पुढं काकी. पुरुषांच्या सतरंजीच्या कडेला येऊन तिनं डबा खाली ठेवला, तीन रेघा आणि कोर सरपंचांकडं करून. तिच्या शेजारी फुली, मग त्रिकोण, मग वेलांटी. धप, धप, धप. बायका नुसते डबे ठेवत गेल्या. नवरे, सासरे, दीर आपापल्या घरचा डबा ओळखत होते, आणि हसणं कुठल्या कुठं गेलं.

“नावं इचारत हुतास न्हवं?” काकी म्हणाली. “वाच की मग. माझा डबा तुझी आईबी वळकायची.”

सरपंच काही बोलायच्या आत मागून निळं कडं पुढं आलं. ती शिवणकामवाली. मला वाटलं, आता संपलं, ही गाळ्यांच्या बाजूनं बोलणार. आणि ती बोललीच. “मला गाळा पायजे. आजबी पायजे. मी तुमच्या बाजूनं लिवलं हुतं, सरपंच, माझ्या खुनंसकट. हिनं ते पुसू दिलं न्हाई, सगळ्यांशी भांडली. मग माझ्या मतावर डांबर कुनी फासलं?”

विरोधकांना काय सांगायचं ते सरपंचांनी ठरवून ठेवलं असणार. आपल्या बाजूच्या बाईला काय सांगणार? सरपंच कागद खालीवर करत राहिले. मग एक म्हातारा माणूस, त्रिकोणवाल्या घरचा, सतरंजीवरनं बसल्या बसल्या म्हणाला, “आधी संडास, मग गाळं. लिवा ठरावात.” दुसऱ्यानं मान हलवली. तिसऱ्यानं. काकी म्हणाली, “आमच्यासमोर लिवा,” आणि लिहून होईपर्यंत कुठलीही बाई हलली नाही.

मग सगळ्या डबे उचलून परत गिरणीवर आल्या, कारण दळण राहिलंच होतं. काकीनं त्याही दिवशी दळलेल्या डब्यावर पाणी शिंपडलं. मी बघितलं. तिनंही मी बघितलेलं बघितलं. “लागली सवय,” ती म्हणाली. “आसली सवय मोडावी माणसानं,” मी म्हटलं. तिनं डबा डोक्यावर घेतला आणि निघाली. पण मी माझं मत सांगितलं होतं, आणि ते नाव घालून.

मामांनी रॉकेल आणि सुरीनं डांबर काढलं, फळ्याला नवा रंग दिला. मी वर ठराव लिहिला आणि खाली तीच ओळ, ‘खालची जागा तुमची.’ संध्याकाळच्या आत तीन रेघा आणि कोर उमटली, ‘संडासाचं दार रस्त्याकडं करू नगा. आमाला इचारून करा.’ त्याखाली निळं कडं, ‘आणि आतून कडी पाहिजे.’

काम सुरू व्हायच्या आदल्या दिवशी सरपंच गवंड्याला घेऊन गिरणीवर आले. लाईट नव्हती, बायका डबे रांगेला लावून बसल्या होत्या. ते फळ्यासमोर उभे राहिले, सगळं वाचलं, घसा खाकरला आणि फळ्याकडंच बघत विचारलं, “मग दार कुनीकडं ठेवायचं?”

सगळ्या एकदम बोलायला लागल्या.